मदत हवी आहे: कॉर्ड बरोबर दाबते, तरी पाळणा बेसूर का?

बाळाची मावशी
बारसं येत्या रविवारी आहे, हातात आठच दिवस. पाळणा आई म्हणणार आणि साथ मी करणार, असं मीच सगळ्यांना सांगून बसले आहे. सी, एफ, जी आणि ए मायनर या चार कॉर्ड दोन महिन्यांत पक्क्या बसल्या आहेत, त्यांवर चार-पाच सोपी गाणी नीट वाजतात. पण आईबरोबर वाजवायला घेतलं की कानाला बोचतं. पियानो बिघडलेला नाही, तपासलाय. कोणत्या कॉर्ड लावू तेवढं लगेच सांगा, प्लीज.

तंबोरा
कोणता पाळणा?

सहा मात्रा
पियानो की कीबोर्ड? आई कुठल्या पट्टीत गातात? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बाळाची मावशी
पाळणा आमच्या घरचा आहे, पणजीपासून चालत आलेला. छापलेला नाही, यूट्यूबवरही नाही, म्हणून तर इथे विचारतेय. कीबोर्ड आहे, ६१ कळांचा. पट्टीचं काय? मी सीमध्ये वाजवते.

पेटीवाले काका
तुम्ही सीमध्ये वाजवता हो, पण आई सीमध्ये गातात का? त्यांना विचारा, पेटीवर सा कुठे धरता म्हणून.

बाळाची मावशी
विचारलं. "काळी चार" म्हणाली.

पेटीवाले काका
मग घोळ तिथेच आहे. काळी चार म्हणजे जी शार्प. तुमचा सा सीवर आणि त्यांचा सा, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजल्या तर, चार कळा खाली. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण शोधा आणि ते उणे चारवर न्या. बोटं आहेत तिथेच राहतील, आवाज काळी चारचा येईल. नव्याने काही शिकावं लागणार नाही.

तंबोरा
माझं विचाराल तर पाळण्याला कॉर्ड लावूच नयेत. सा आणि प पुरतात. मोबाईलवर तानपुरा लावा आणि आईंना मोकळं गाऊ द्या. जुन्या बायकांच्या चालीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं असतं, ते कीबोर्डला जन्मात जमणार नाही.

पेटीवाले काका
पेटीलाही मींड येत नाही. हेच कारण पुढे करून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली होती. तरी कीर्तनात, नाटकात, घराघरांत पेटी वाजतच राहिली ना? मावशीला भाचराच्या बारशाला वाजवायचंय, वाजवू द्या की.

तंबोरा
वाजवू नका असं नाही म्हटलं. आईंचा आवाज झाकेल इतकं वाजवू नका.

नवा बाबा
मुलगी ७ वर्षांची आहे, तिच्यासाठी कीबोर्ड घ्यायचाय. छोट्या कळांचे स्वस्त मिळतात, ते चालतील का?

सहा मात्रा
नवा बाबा, पूर्ण आकाराच्याच कळा घ्या, नाहीतर दोन वर्षांनी हाताची सवय मोडावी लागेल. बाकी वेगळा धागा काढा. मावशी, रिदम चालू ठेवता का?

बाळाची मावशी
ट्रान्सपोज केलं आणि पहिली ओळ जुळली! आई गाता गाता थांबून माझ्याकडे बघायलाच लागली. पण दुसऱ्या ओळीत एफ आली की अजून खटकतं. रिदम चालू असतो, सुरू केल्यावर पहिला येतो तो, ८ बीटचा.

सहा मात्रा
तो आधी बंद करा, तो चारच्या हिशोबाचा आहे. पाळणे बहुतेक दादऱ्याच्या अंगाने झुलतात, तीन-तीन अशा सहा मात्रा. आईंबरोबर मांडीवर थाप देऊन बघा. सहा निघाल्या तर पहिल्या मात्रेवर डाव्या हाताने एकच खालचा सूर आणि चौथीवर उजव्या हाताने कॉर्ड. एवढ्यानेच पाळणा हलायला लागेल.

पेटीवाले काका
ते ठीक, पण एफ खटकण्याचा मात्रांशी संबंध नाही. मावशी, दुसऱ्या ओळीचे सूर लिहा.

बाळाची मावशी
आईकडून काढून घेतले: ग प ध प ग, ग रे सा. बाकी पाळण्यातही हेच पाच सूर. फक्त शेवटच्या ओळीत एकदा म लागतो.

पेटीवाले काका
म्हणजे भूपाचेच सूर. आता बघा, एफमध्ये म, ध आणि सा असतात. आई ग वर थांबतात आणि तुम्ही खालून म दाबता. ग आणि म अगदी शेजारी, ते एकमेकांना घासतात. तिथे ए मायनर घ्या: ध, सा, ग, तिन्ही चालीतलेच. सीवरून तिकडे जाताना सी आणि ई वरची बोटं हलवायची नाहीत, फक्त जीवरचं बोट एवर न्यायचं. जी कॉर्डमधली मधली कळ म्हणजे बी, तुमचा नी. तोही चालीत नाही, म्हणून ती सोडून फक्त जी आणि डी दाबा. एफ मात्र शेवटच्या ओळीतल्या त्या म साठी राखून ठेवा.

बाळाची मावशी
काका, काल रात्री तीनदा म्हणून झाला, एकदाही बोचलं नाही! दादराच निघाला. आणि शेवटच्या ओळीत एफ आली तेव्हा आई त्या म वर नेहमीपेक्षा जास्त थांबली, म्हणाली, "माझी आई इथे अशीच थांबायची." आता तिथे मी एफ धरून ठेवू की पुन्हा दाबू?

पेटीवाले काका
धरून ठेवा. त्या सा वर येतील तेव्हाच सोडा.