पी. टी. उषा : लॉस एंजेलिस लक्षात ठेवायचं की जकार्ता?

मातीचा ट्रॅक : उषाचं नाव निघालं की गप्पा ८ ऑगस्ट १९८४ वर जाऊन अडकतात. लॉस एंजेलिस ऑलिंपिक, ४०० मीटर अडथळा शर्यत. रुमानियाची कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. एका शतांश सेकंदाने कांस्य गेलं. चाळीस वर्षं आपण तीच हळहळ करतोय आणि त्यात तिची सगळी कारकीर्द झाकली गेली, असं माझं ठाम मत आहे. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने १००, २००, ४००, ४०० अडथळा आणि ४ बाय ४०० रिले अशी पाच सुवर्णं घेतली, वर ४ बाय १०० मध्ये कांस्य. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये भारताला मिळून पाच सुवर्णं. त्यातल्या चारांत उषा होती, पाचवं कुस्तीत कर्तारसिंगचं. अशा धावपटूची ओळख 'थोडक्यात हुकली' एवढीच का राहावी?

शिटी : नाही पटलं. आशियातली सुवर्णं मोठीच, पण त्या काळी महिलांच्या धावण्यात जग म्हणजे पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ. जकार्तात त्यांच्याशी गाठच नव्हती. मोजमाप ऑलिंपिकचंच लावायला हवं.

खडूची रेघ : @शिटी, मग लॉस एंजेलिसलाही त्यांच्याशी गाठ नव्हती, त्या दोन्ही देशांचा बहिष्कार होता ना! त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत पोनोमार्योवाने ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता. तुमचंच मोजमाप लावलं तर ते चौथं स्थानही कमी भरेल. मला मात्र ते कमी वाटत नाही. महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच होत होती आणि उषाला अडथळ्यांचा सराव फार थोडा होता. तरी उपांत्य फेरीत ती ५५.५४ मध्ये पहिली आली.

शिटी : बहिष्काराचा मुद्दा मान्य. पण मग निष्कर्ष काय, कशाचंच मोजमाप करायचं नाही?

मैदानावरची बाई : मी शाळेत मुलींना धावायला शिकवते, म्हणून वेगळं सांगते. मला ती हुकलेली शर्यतच हवी आहे. शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकायची, हे दहा वेळा सांगूनही मुली विसरतात. रेष जवळ आली की मान वर जाते, हात सुटतात. उषाची तीच चूक झाली. त्याआधी एका स्पर्धकाच्या चुकीच्या सुरुवातीमुळे शर्यत पुन्हा सुरू करावी लागली होती, लय तिथेच मोडली असणार. शतांश सेकंद म्हणजे किती, हे आमच्या मुलींना स्टॉपवॉचवर दाखवताही येत नाही. अंगठा तेवढा वेगाने दाबलाच जात नाही. जकार्ता ऐकून मुलींना अभिमान वाटतो. लॉस एंजेलिस ऐकलं की त्या दुसऱ्या दिवशी खरोखर झोकून देतात.

मातीचा ट्रॅक : बाई, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण मुलींना तिचे प्रशिक्षक नांबियार यांच्याबद्दलही सांगा. केरळातल्या पय्योलीच्या किनाऱ्यावर वाळूत धावून घेतलेली तयारी होती ती.

जुना वाचक : आणि २०२३ चं काय? भारतीय ऑलिंपिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाल्यावर तिने आंदोलक कुस्तीगीर मुलींनाच बेशिस्त ठरवलं. नंतर भेटायला गेली, तरी मला तो घाव विसरता येत नाही. हेही कारकिर्दीतच धरा.

खडूची रेघ : घाव खराच, मलाही लागला. पण धावण्याचा हिशेब त्याने बदलत नाही. तिच्या अकादमीतली टिंटू लुका ८०० मीटरमध्ये दोन ऑलिंपिक धावली, तेही मग मांडावं लागेल.

शिटी : रात्रभर विचार केला. ज्या ५५.४२ ला मी कसोटी म्हणत होतो, त्या वेळेची बरोबरी करायला भारताला २०२३ उजाडावं लागलं. हांगझोऊ एशियाडमध्ये विद्या रामराजने ती केली, अगदी शतांशापर्यंत तीच वेळ. म्हणजे हुकलेली शर्यतच इतकी वर्षं राष्ट्रीय विक्रम होती. मोजमाप ऑलिंपिकचंच, हे मत मी सोडत नाही; पण ती 'हुकली' असं यापुढे लिहिणार नाही.

मैदानावरची बाई : विद्याची ती शर्यत उद्या मुलींना दाखवते.