गावातल्या अभ्यासिकेत स्वतःचा डीएनएस प्रॉक्सी हवा की प्रत्येक कॉम्प्युटरवर थेट गूगलचा ८.८.८.८?

दारव्हा_अभ्यासिका
आमच्या ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत फायबर आहे, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की राउटर सिमकार्डच्या डोंगलवर जातो. तरी पोरं म्हणतात, "नेट बंद हाये." कारण प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये फायबरवाल्या कंपनीचाच डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, टाकलेला. असे सर्व्हर सहसा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात, डोंगलवरून विचारलं की नकार. पोलीस भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख असताना हे परवडत नाही.

म्हणून माझं मत: राउटरवर डीएनएसमॅस्क हा डीएनएस प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांची विचारणा घेऊन पुढे नेणारा प्रोग्रॅम, चालवा. डीएचसीपीने, म्हणजे कॉम्प्युटरला नेटच्या सेटिंग आपोआप देणाऱ्या सोयीने, सगळ्यांना डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता द्या, आणि राउटर पुढे ८.८.८.८ व ९.९.९.९ या सार्वजनिक डीएनएसला विचारेल. मिळालेलं उत्तर त्याची मुदत, म्हणजे टीटीएल, संपेपर्यंत राउटरकडेच राहतं. डीएनएसमॅस्क मुळात फक्त १५० नावं साठवतो, ती मर्यादा हजारावर न्या. मेमरी नगण्य लागते.

पुसद_हार्डवेअर
माझा स्पष्ट विरोध. कॉम्प्युटरवर थेट ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस टाका, दोन्ही फायबरवरही चालतात अन् डोंगलवरही. तुमची अडचण तिथेच संपली, मग मध्ये आणखी एक सेवा कशाला? ती अडकली की अख्खी अभ्यासिका बंद, आणि तुम्ही वावरात असाल तर बघणार कोण? शिवाय दिवसातून दोनदा लाइन जाते, राउटर रिस्टार्ट होतो, साठवलेलं सगळं पुसलं जातं.

दुसरं, जानेवारी २०२१ मध्ये 'डीएनएसपूक' नावाने डीएनएसमॅस्कमधले सात दोष उघड झाले. त्यातल्या काहींमुळे साठ्यात खोटी उत्तरं घुसवता येत होती, म्हणजे बँकेचं नाव टाकायचं आणि भलत्याच सर्व्हरवर पोचायचं. २.८३ आवृत्तीत दुरुस्ती आली. तुमच्या राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, शेवटचं कधी अपडेट झालं?

धारणी_मास्तर
भाऊ, तुमच्याकडे फायबर हाये म्हणून असं सुचते. आमच्या इकडे मेळघाटात टॉवरची एक दांडी. एक पान उघडलं तरी डझनभर नावं शोधावी लागते, अन् दर वेळी उत्तर यायले वेळ लागते. पंधरा पोरं एकाच वेळी तीच साइट उघडते. पहिल्यानं विचारलं की बाकी चौदा जणांले राउटरच उत्तर देते. लाइन गेल्यावर साठा रिकामा होते हे खरं, पण पहिल्या पाच मिनिटांत भरतेबी.

वाचनालय_ताई_वर्धा
तांत्रिक बाजू तुम्ही बघा, मला एका गोष्टीची काळजी आहे. सगळ्यांची विचारणा एका डब्यातून जाणार असेल, तर नोंद ठेवायची सोयही त्याच डब्यात आहे. 'लॉग-क्वेरीज' ही एक ओळ घातली की कोणत्या मशीनने कोणत्या वेळी कोणतं नाव शोधलं ते दिसतं. साइटचं नावच दिसतं, आतलं पान नाही, हे मान्य. पण गावात नावही पुरेसं असतं. एखाद्या मुलीने गर्भधारणेबद्दलची साइट उघडली, आणि तिची नेहमीची खुर्ची सगळ्यांना माहीत आहे. उद्या कोणी पुढारी येऊन "पोरं काय पाहतात ते दाखवा" म्हणाला, तर चालकाला नाही म्हणता येईल का? ती ओळ फाइलमध्ये नसेलच, आणि हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहिलेलं असेल, तरच माझा पाठिंबा.

दारव्हा_अभ्यासिका
ताई, शंभर टक्के मान्य. ठराव मीच मांडतो.

पुसदचे भाऊ, फर्मवेअरचा मुद्दाही बरोबर. अपडेट मिळत नसलेल्या राउटरवर हे करूच नये. डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट बाहेरून बंद आणि सेवा फक्त आतल्या इंटरफेसवर, म्हणजे अभ्यासिकेच्या नेटवर्ककडच्या बाजूला, हेही सक्तीचं. उघडं राहिलं तर कोणीही खोटा पत्ता लावून आपल्या राउटरकडून तिसऱ्यावर उत्तरांचा मारा करवून घेईल.

पण थेट ८.८.८.८ ने माझं एक काम होत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका एका कॉम्प्युटरवर ठेवल्या आहेत आणि त्याला 'अभ्यास' हे नाव राउटरच देतो. फायबर अन् डोंगल दोन्ही गेले तरी पोरं ते नाव टाकतात आणि पेपर उघडतो. बाहेरच्या डीएनएसला ते नाव माहीत असणं शक्य नाही.

पुसद_हार्डवेअर
त्यासाठी आयपी पत्ता भिंतीवर लिहा. आणि प्रॉक्सी ठेवायचाच असेल, तर डीएचसीपीत दुसरा पत्ता १.१.१.१ द्या, म्हणजे डीएनएसमॅस्क पडला तरी काम थांबणार नाही.

दारव्हा_अभ्यासिका
दुसरा पत्ता देणार नाही. काही मशीन मग सरळ त्यालाच विचारत बसतात, आणि 'अभ्यास' कधी उघडतो, कधी नाही. असा अधूनमधून येणारा बिघाड शोधण्यापेक्षा पूर्ण बंद पडलेला राउटर परवडला, तो निदान शाळेतला शिपाईही रिस्टार्ट करू शकतो.

पुसद_हार्डवेअर
शिपायाला किल्ली देऊन ठेवा मग. परीक्षेच्या हंगामात रात्री अकराला पोरं बसलेली असतात, तेव्हा तो कुठे सापडणार?