शब्दचर्चा: ‘लँडिंग शिप’ला मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या महायुद्धावरचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात एलएसटी येते: रणगाडे थेट वाळूवर उतरवणारं ३२८ फुटी जहाज. ‘अवतरण जहाज’ लिहिलं, तर घरात विचारणा झाली, “अवतरणचिन्हं कुठायत?” शिवाय यातली १६७ जहाजं इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिलला, ओहायो नदीकाठी बांधली. समुद्र शेकडो मैल लांब. तिथल्या जागेला ‘गोदी’ म्हणवेल का?

— अवतरण नकोच. नवं जहाज पाण्यात सोडतात ते ‘जलावतरण’. ते जमिनीवरून पाण्यात, तुमचं पाण्यातून जमिनीवर. एका परिच्छेदात दोन्ही आली की वाचक गटांगळ्या खाणार. ‘उतराई’ही नको, ते उपकारांचं होतात. ‘उतारू जहाज’ म्हणाल तर लोक तिकीट मागतील.

— गोदी म्हटलं की मला माल चढवणारे-उतरवणारे कामगार दिसतात, वेल्डर नाहीत.

— माझगाव गोदीत युद्धनौका बांधतात की! पण एव्हान्सव्हिलचा कारखाना चालवणारी कंपनी मुळात पूल बांधणारी. ‘जहाज कारखाना’ लिहा. नदीकाठच्या अशा कारखान्यांना तिकडे गमतीने मक्याच्या शेतातल्या गोद्या म्हणत, ते मात्र जसंच्या तसं घ्या.

— मी दाभोळचा. धोपाव्याला जाणारी आमची फेरीबोट बघा. पुढचा फाळका पडतो आणि आधी दुचाकीवाले सुटतात. एलएसटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन दारं, त्यांच्या आत असाच फाळका. भर समुद्रात तळच्या टाक्यांत पाणी भरून जहाज खोल बसवायचं, किनारा आला की उपसून हलकं करायचं. येतानाच मागे नांगर टाकलेला असतो. निघताना त्याचा तारदोर गुंडाळत जहाज मागे ओढून घ्यायचं. म्हणून ‘रुतलं’ लिहू नका, रुतणं हा अपघात. ‘वाळूला लावलं’ म्हणा.

— आपल्या नौदलाने अशा जहाजाला ‘मगर’ नाव दिलं होतं. काठावर पोट घासत चढणारी! तीही कोलकात्याला, हुगळीकाठीच बांधलेली.

सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा ‘रणगाडे उतरवणारं जहाज’, पुढे नुसतं एलएसटी. फाळका तर घेतलाच. एकच अडलंय: नदी अरुंद, म्हणून तिथलं जलावतरण टोकाकडून नाही, अख्खी कूस पाण्याकडे करून व्हायचं. ‘जहाज आडवं सोडलं’ चालेल?

— आडवं म्हणजे कलंडलेलं वाटेल. ‘कुशीने सोडलं’ लिहा.