मानेतल्या गाठी सहा आठवडे तशाच, एफएनएसी ‘रिअॅक्टिव्ह’, पुढे काय?

चिंतातुर: धाकटा भाऊ, वय 27. मानेत उजवीकडे दोन गाठी, मोठी 2 सेंमीच्या पुढे. दुखत नाहीत. ताप नाही, पण वजन 3 किलो उतरलंय. अँटिबायोटिकने फरक नाही, एफएनएसीत (गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींची तपासणी) ‘रिअॅक्टिव्ह’. आता आठवडाभर स्टिरॉइड घेऊन बघा म्हणतात. घ्यावं का?

स्लाइडवाला: निदानाआधी स्टिरॉइड नको. लिम्फोमा (लिम्फ गाठींचा कॅन्सर) असला तर गाठ बसते, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि मग काढलेल्या तुकड्यात निदानापुरतंही काही सापडत नाही. टीबी असला तर भडकतो. लिव्होफ्लॉक्सॅसिनही टाळा, त्याने टीबी अर्धवट दबतो.

‘रिअॅक्टिव्ह’चा अर्थ इतकाच, की सुई शिरली तिथे वेगळं काही दिसलं नाही. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमात रोगट पेशी मोजक्या आणि विखुरलेल्या असतात, सुईला सहज चुकतात. सोनोग्राफी झाली का? साधं अवधाण घेवड्याच्या दाण्यासारखं लांबट असतं, मध्ये पांढुरकी रेघ. गाठ गोल झाली, रेघ पुसली गेली की संशय घ्यायचा. आणि कॉलरबोनच्या वर गाठ असेल तर थांबूच नका.

चिंतातुर: झाली. मोठी गोल आहे, रेघ नाही असंच लिहिलंय.

ओटी_सिस्टर: मग ईएनटी किंवा जनरल सर्जनकडून शक्यतो अख्खी गाठ काढून बायॉप्सी. घोळ होतो तो डबीत. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) हातचं जातं. दोन डब्या हव्यात: फॉर्मॅलिनची हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), नुसत्या सलाइनची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला. हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा, टेबलावर कुणाला आठवत नाही. सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं नव्हे. गाठीत जंतू कमी असतात. कल्चरला 6 आठवडेही लागतात. सोबत छातीचा एक्स-रे, सीबीसी, एचआयव्ही.

गाठ मऊ पडली तर कुणाला चीर देऊन पू काढू देऊ नका. गंडमाळ (मानेतल्या गाठींचा टीबी) असेल तर ती जखम महिनोन्‌महिने वाहते.

स्लाइडवाला: टीबीच निघाला तर साधारण 6 महिने औषध: पहिले 2 महिने चार औषधं, पुढे 4 महिने तीन. गोळ्या वजनावर (50 ते 64 किलोला रोज 4), सरकारी केंद्रात फुकट. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणाचे महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. औषध चालू असताना गाठ वाढली किंवा नवी आली तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. बऱ्याचदा ती शरीराची प्रतिक्रिया असते; डॉक्टरांना दाखवा, कल्चरमध्ये औषधाला दाद न देणारा जंतू नाही ना, ते तपासून घ्या.