जुन्या गाड्या खरंच जास्त टिकायच्या का? बाबांच्या २००५ च्या ८०० चं काय करू

दाभोळखाडी
नमस्कार मंडळी. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून २००५ ला मारुती ८०० नवीकोरी घेतलेली, आता मीटर १ लाख ३८ हजार दाखवतोय. इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होतं. घर खाडीला लागून आणि गाडी वीस वर्षं उघड्यावर, त्यामुळे यंदा पावसाळा संपल्यावर मॅट उचलून बघितली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पापडासारखा झालाय, स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला आणि खालची जमीन दिसली. डेंटर म्हणतो फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करतो, वीस हजार धरा. वर पंधरा वर्षांनी केलेलं रीपासिंगही (आरटीओचं रजिस्ट्रेशन वाढवून घेणं) आता संपतंय.
मी म्हणतो नवी घेऊ, पण बाबा आणि काका दोघांचं एकच, की आताच्या गाड्या डबडा असतात, दहा वर्षांत खलास, आमच्या वेळच्या गाड्या तीस-तीस वर्षं पळायच्या. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

गॅरेज_सांगली
दादा, १९९४ पासून गॅरेज चालवतोय म्हणून सांगतो, जुन्या गाड्या आम्ही टिकवायचो म्हणून टिकायच्या. साठ-सत्तर हजार किलोमीटर झाले की निळा धूर, ऑइल प्यायला सुरुवात, मग हेड उतरव, बोअर कर म्हणजे झिजलेला सिलिंडर थोडा मोठा कापून घे, ओव्हरसाइज पिस्टन टाक, परत काही वर्षांनी त्याच्या पुढची साइज आणि शेवटी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी. दर पाच हजाराला ऑइल, मधून मधून इग्निशनचे पॉइंट घासायचे, कार्बोरेटर साफ करायचा. कितीतरी गाड्यांच्या मीटरला आकडेच पाच असायचे, लाख झाले की परत शून्यापासून सुरू. लोकांना गाडी तीस वर्षं पळाली ते आठवतं, त्या तीस वर्षांत इंजिन कितीदा खोललं ते आठवत नाही.
मागच्या वर्षी एक २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी आली होती, २ लाख ४० हजार झालेले, पाण्याचा पाइप फुटून गरम झाली म्हणून हेड उतरवावं लागलं. आत बघतो तर सिलिंडरला नवीन असतानाच्या होनिंगच्या (कारखान्यात घासून काढलेल्या) तिरप्या रेषा अजून शाबूत. वरच्या कडेवरून बोट फिरवलं, नख कुठे अडकलं नाही. पूर्वीच्या बोअरला त्या जागी पायरी पडलेली असायची, नख ठक्कन अडकायचं. मी पोरांना बोलावून दाखवलं, हात लावून बघा म्हटलं.
कारण साधं आहे. पूर्वी थंडीत चोक ओढला की जादा पेट्रोल आत जायचं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून काढायचं, म्हणजे रोज सकाळी पहिली काही मिनिटं पिस्टनच्या रिंगा कोरड्याच घासायच्या. फ्युएल इंजेक्शन आलं आणि पेट्रोल मोजून पडायला लागलं. तुमची २००५ ची गाडीपण इंजेक्शनचीच आहे, म्हणून तर इंजिन अजून ठणठणीत. ऑइलही पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं मिळतं.
पत्र्याचं सांगायचं तर, आता अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून करंट देतात, त्यामुळे कोपऱ्याकापऱ्यात आणि आतल्या पोकळीतसुद्धा कोट बसतो. गंज येतो, पण पूर्वीइतका लवकर नाही.

वडाळा_ट्रक_टर्मिनल
वरच्या साहेबांशी सहमत, पण माझं थोडं वेगळं आहे. आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी, काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली, त्या आठवड्यात वडील जेवले नाहीत नीट. आमच्या पद्मिनीचं इंजिनकाम झालं होतं हे खरंय, चार वेळा. पण ते काम रस्त्याच्या कडेला व्हायचं! रात्री गाडी बंद पडली तर वडील बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचे, खिशातला पॉलिश पेपर पॉइंटवर दोनदा फिरवायचे आणि गाडी धंद्याला. आता माझ्याकडे सीएनजीची नवी गाडी आहे, तीन वर्षांत १ लाख ६० हजार, एकदाही बंद पडली नाही, पण एकदा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर स्कॅनर लावल्याशिवाय कुणी हातच लावेना, दीड दिवस धंदा बुडाला आणि शेवटी निघालं काय तर एक सेन्सर. गाडी जास्त टिकते हे मान्य, पण आपली आपल्याला दुरुस्त करता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं, ड्रायव्हर माणूस हतबल होतो.

चाकण_टू_हडपसर
नवी घेणार असाल तर एकच कळकळीची विनंती, रनिंग कमी असेल तर डिझेल घेऊ नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. हायवेला गाडी पळाली की जळते, रोज चार किलोमीटर बाजारात जाऊन आलात की नुसती साठत राहते. गाडी स्वतः जादा डिझेल मारून जाळायला बघते, तुम्ही मध्येच बंद केली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते. माझी तशीच चोक झाली, फिल्टर बदलायचा खर्च ऐकून बायकोने तिथेच खुर्चीत बसून घेतलं. जुनं साधं डिझेल इंजिन असं नव्हतं हो, चार लाख, पाच लाख आरामात जायचं, तिथे मात्र तुमच्या काकांचं म्हणणं मला पटतं.

दाभोळखाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं रनिंग महिन्याला तीनशे किलोमीटर, बाजार आणि बाबांचा दवाखाना, म्हणजे डिझेलचा प्रश्नच मिटला. पण गॅरेजवाले दादा, मग नवी पेट्रोल गाडी वीस वर्षं जाईल का? आणि ८०० ला एवढा खर्च करावा का? वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही बाबांना टेन्शन आहे.

गॅरेज_सांगली
इंजिन जाईल, गिअरबॉक्स जाईल, ऑइल आणि कूलंट वेळेवर बदला. धोका आहे तो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएसचं (ब्रेकचं) युनिट, टच स्क्रीन असल्या वस्तूंचा. पंधराव्या वर्षी त्यातलं काही गेलं आणि पार्ट यायचा बंद झाला असेल तर चांगली गाडी दारात उभी राहते. म्हणून जी गाडी लाखोंनी विकली गेलीय तीच घ्या, आणि त्यातलं कमी फीचरचं मॉडेल. तुमच्या ८०० ला आजही पार्ट कोपऱ्यावर मिळतो तो त्याचमुळे, १९८३ ते २०१४ चाललेली गाडी आहे.
पेट्रोलचं म्हणाल तर जुने रबरी पाइप आणि सील कडक होऊन चिरतात, ते बदलून घ्या, मोठा खर्च नाही. गाडी महिना महिना उभी ठेवू नका.
आता मुख्य. फ्लोअर करण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या आणि पुढच्या सस्पेन्शनचा टॉवर आणि दोन्ही बाजूंच्या दारांखालची सिल, तिथे हातोडीने हलकं ठोकून बघा. टणटण आवाज आला तर फ्लोअर खुशाल करा. भदभद आवाज आला तर एक रुपया घालू नका, कारण ८०० ला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नसते, पत्राच चेसिस आहे, आणि त्यात तुम्ही वडिलांना बसवणार आहात. रीपासिंगची फीपण बघा, वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ मध्ये १०,००० झालीये.

दाभोळखाडी
आज सकाळी लिफ्टवर घेतली. टॉवर दोन्ही टणटणीत. सिल उजवीकडची गेलीये, डावी चांगली. बाबा स्वतः खाली वाकून, हातोडी माझ्या हातातून घेऊन, तीन-तीनदा ठोकून ऐकत होते. डेंटरने सिलसकट २७ हजार सांगितले. दादांनी नको म्हटलं होतं तरी बाबा म्हणाले कर, पण नवी पण बघून ठेव, पेट्रोलच. येत्या रविवारी टेस्ट ड्राइव्हला चाललोय, ते पण येतायत.