भीष्म गप्प बसले, तो धर्म होता का?

उंबरठा (धागाकर्ती)
आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला : घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीच्या मुलांनी लिफ्ट वापरायची नाही, जिना चढायचा. सात मजले! दोघंतिघं विरोधात बोलले, बाकीच्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं. ज्यांचा शब्द सगळे मानतात ते आमचे ज्येष्ठ काका म्हणाले, "दोन्हीकडचं पटतं, मी काय सांगणार?" ठराव मंजूर.

मला द्यूतसभा आठवली. द्रौपदीचा प्रश्न साधा होता : जो आधी स्वतःलाच हरला, तो मला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही. माझ्या मते धर्म कळत होता, निभवायचा नव्हता.

जुनापारकरी
घाई करताय. स्वतःला हरलेल्याला काही पणाला लावायचा हक्क नाही, पण त्या काळच्या समजुतीनं बायको नवऱ्याच्या अधीन. दोन्ही नियम खरे मानले तर पेच पडतोच. जे ठरवता येत नाही ते ठरवता येत नाही म्हणणं हा प्रामाणिकपणा झाला. आणि हस्तिनापूरच्या गादीला दिलेला शब्द? शब्द सोयीनं मोडायचा, तर उद्या कोण कोणावर विश्वास ठेवणार? ज्यानं त्यानं आपल्या जागेचं काम चोख करावं, यालाच आपल्याकडे धर्म म्हणत आलेत.

चिंचेचं_बुटूक
पेच होता ना? मग शंकेचा फायदा केस धरून ओढत आणलेलीला की ओढणाऱ्याला? आणि शब्दाचं म्हणाल, तर युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला आला तेव्हा भीष्म स्वतःच सांगतात : माणूस अर्थाचा दास, कौरवांनी मला अर्थानं बांधलंय. प्रतिज्ञेचं नावही काढत नाहीत. (आमचे साहेब अप्रेझलच्या आधी असेच सूक्ष्म होतात.)

द्यूतसभेतच विदुरानं हिशोबही मांडलाय. निंद्य गोष्टीची निंदा होत नाही तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना. म्हणजे दुःशासनापेक्षा खुर्चीवरच्या माणसाचा वाटा मोठा. आणि विकर्ण? कौरवांतलाच, वयानं लहान, तरी उठून म्हणाला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला कुठे सूक्ष्म वाटलं?

जुनापारकरी
विकर्ण बोलला, कर्णानं झापलं, तो बसला. पुढे लढला कौरवांकडूनच. बोलण्यानं काय साधलं?

कोरडवाहू
तुम्ही सगळे राजवाड्यातच फिरताय. द्रौपदी राणी होती, तिला प्रश्न विचारायला सभा तरी मिळाली. एकलव्याचा अंगठा गेला तो रानात, तिथे कोणती सभा होती? आणि 'आपल्या जागेचं काम' म्हणताना जागा कोण ठरवतं तेही सांगा. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कामं वाटून दिली आहेत, स्वधर्म त्यानंतर येतो. शेणामातीचं काम वाट्याला आलेल्याला 'चोख कर' म्हणणं सोपं असतं.

पंढरपूर आठवा. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले, १० मे ला सुटले. विरोध करणारे धर्मच सांगत होते, तोही पोथी उघडून. देव बाटेल म्हणून मूर्तीतलं तेज घागरीत काढून घेण्यापर्यंत गेले. दोन्हीकडे धर्म होता, मग निवडायचं कशावरून? माझी कसोटी एकच : नियम पाळताना त्रास पाळणाऱ्याला होतो की तिसऱ्यालाच?

उंबरठाताई, तुमच्या सभेत एखाद्या मावशींना बोलावलं होतं का?

उंबरठा
नाही. सभासद नसलेल्याला बसता येत नाही म्हणाले. आमच्या मावशींना गुडघेदुखी आहे. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या मजल्यावर चढून येतात, आल्या की आधी कट्ट्याला हात टेकून उभ्या राहतात.

जुनापारकरी
त्रासाची कसोटी लावलीत तर कुठलाच नियम टिकणार नाही, कुणाला ना कुणाला तो काचतोच. माझं म्हणणं कायम आहे : ठराव झाला की पाळायचा. बदलायचा असेल तर रीतसर बदला. एक पंचमांश सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभेची लेखी मागणी करा, समितीला ती बोलवावी लागते. काकांकडे सहीला आधी जा. तिथे सूक्ष्म म्हणता येणार नाही.