मदत हवी आहे: घरात स्वयंपाक एकच, वजन मात्र मला एकटीला उतरवायचंय

नमस्कार. या मंचावर बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची साखरेची सरासरी, ६.१ आलं. थायरॉईड ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी आत्ताच देत नाही. पाच-सहा किलो उतरवा, तीन महिन्यांनी परत बघू." माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह निघाला आणि तिची शेवटची चार वर्षं पायाच्या जखमेत गेली. ती जखम रोज मी बांधायचे. त्यामुळे तो 'उंबरठा' शब्द ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप लागलेली नाही.

घरी आम्ही पाच जण. सासूबाई ७२ वर्षांच्या, माळकरी, त्यामुळे घरात अंडंसुद्धा येत नाही आणि मला त्याबद्दल काही तक्रार नाही. नवरा, दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी. सकाळी साडेपाचला उठते, साडेसातपर्यंत चार डबे भरून व्हावे लागतात. दोन प्रकारचा स्वयंपाक करायला माझ्याकडे खरंच वेळ नाही. म्हणून मूग डोसा, ओट्स उपमा, सॅलडचे बाऊल असे सात दिवसांचे सात तक्ते कृपया देऊ नका. दीक्षित की दिवेकर हा आहारपद्धतींचा वादही इथे नको, त्यावर घरीच पुरेशी चर्चा झाली आहे.

२०१९ मध्ये एका ठिकाणी पावडरचे डबे घेऊन शेक प्यायले होते. तीन महिन्यांत नऊ किलो गेले, केस मुठीने गळले, आणि डबे बंद केल्यावर वर्षभरात अकरा किलो परत आले. नंतर सकाळी साडेदहा आणि रात्री आठ अशी दोनच जेवणंही करून पाहिली. शाळेत चौथ्या तासापर्यंत डोकं दुखायला लागायचं, पाच आठवड्यांत सोडलं.

या वेळी काही सुरू करण्याआधी महिनाभर फक्त बघायचं ठरवलं, की मी नेमकं कुठे खाते. ताटात तर दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात एवढंच असतं. पण ओट्याशी उभी असताना मुलीच्या डब्यातून आलेली अर्धी पोळी, भाजीच्या कढईला लागलेला मसाला पुसून घेतलेला भाताचा घास, मुलाने टाकलेलं शिकरण, हे सगळं माझ्याच पोटात जातं. अन्न वाया घालवायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलंय. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, जीव माझ्यावर आहे. शेवटची पोळी तव्यावरून उतरली की त्या म्हणतात, "अगं, दिवसभर राबतेस, ही तरी तूप लावून गरम खा." ती पोळी मी जेवणात धरतच नव्हते. चौदा दिवस वहीत लिहिलं तेव्हा कळलं, रोज दीड-दोन पोळ्यांचं खाणं उभ्या उभ्याच होतंय.

दुसरं तेल. १ तारखेला पाच लिटरचा डबा फोडला आणि त्यावर मार्करने तारीख घातली. २४ तारखेला संध्याकाळी डबा पालथा करून ठेवावा लागला. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच माणसं, २४ दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमच्याकडे तूप आणि दाण्याचं कूट वेगळंच. मुलाला तळण आवडतं म्हणून तेल जास्त जात असेल अशी माझी समजूत होती, पण महिनाभरात तळण फक्त तीनदा झालं. बाकी सगळं पळीने घातलेल्या फोडणीत गेलं.

आता जिथे अडले आहे ते विचारते. संध्याकाळी पाच वाजता शाळेतून घरी येते तेव्हा भूक इतकी लागलेली असते की चिवड्याचा डबा उघडला की वाटी-दोन वाट्या कधी संपतात कळत नाही. त्या वेळी काय खावं? दुसरं उपवासाचं. गुरुवार, संकष्टी आणि दोन एकादश्या धरून महिन्याचे सातेक दिवस साबुदाण्याची खिचडी होते. उपवास मला सोडायचे नाहीत. आईंसोबत मी ते मनापासून करते. आणि प्रथिनं. अंडं न आणता, या एकाच स्वयंपाकात ती कशी वाढवायची?

व्यायामाचं म्हणाल तर हे म्हणतात रोज पहाटे माझ्यासोबत अजिंक्यताऱ्यावर चल. दोनदा गेले. उतरताना उजवा गुडघा दुखला, वाटेतल्या 'चार भिंती' स्मारकापाशी बसावं लागलं.

आहारवही (प्रतिसाद)

ताई, मी एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्ही चौदा दिवस लिहून काढलंत, अर्धं काम तिथेच झालंय.

आधी भीतीबद्दल. तुमच्या टप्प्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निष्कर्ष आले. शरीराच्या ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये भारतीयांवरचा अभ्यास मांडला, त्यात वजन फारसं उतरलेलं नसतानाही आहार आणि हालचालीच्या बदलाने हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. तुमच्या ७४ चे ७ टक्के म्हणजे पाच किलोच्या थोडं वर. डॉक्टरांनी तेच सांगितलंय. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी चांगलं चाललंय असं समजा. पाळीच्या आधी काटा किलो-दीड किलो वर जातो, ते पाणी असतं.

प्रथिनं तुम्हाला दिवसाला साधारण साठ ग्रॅम हवीत. आपल्या पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम येतात, गडबड तिथे आहे. आमटी घट्ट करा आणि स्वतःला दोन वाट्या वाढून घ्या. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची उसळ आठवड्यातून चार दिवस सगळ्यांच्याच डब्यात जाऊ दे. रात्री वाटीभर दही. ताटात आधी भाजी आणि उसळ घ्या, पोळी नंतर. वेगळं काही शिजवायचं नाही, फक्त तुमच्या ताटातली मापं बदलायची. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं बरेच जण सांगतील. भाकरी चांगलीच, पण शंभर ग्रॅम पीठ कशाचंही असलं तरी कॅलरी जवळपास सारख्याच. थापताना आकार बघा.

खिचडीचं: साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. कूट, बटाटा, तूप धरून एक ताटली सहाशे कॅलरींपर्यंत जाते आणि दोन तासांत परत भूक लागते. सातपैकी पाच दिवस भगर आणि दाण्याची आमटी करा, सोबत दही-काकडी. आईंनाही पचायला हलकं पडेल. खिचडी फक्त एकादशीला ठेवा.

गुडघ्यासाठी गड सध्या नको. जेवण झाल्यावर सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं, दुपारी आणि रात्री. साखरेवर त्याचा चांगला परिणाम होतो.

कृष्णाकाठ

संध्याकाळच्या भुकेचं माझ्या बायकोने असं जमवलं: घरी पोचायच्या आधीच खायचं. पर्समध्ये मूठभर फुटाण्यांची पुडी. साडेचारला शाळा सुटताना खाल्ली की पाचला चिवड्याच्या डब्याकडे हात जात नाही. घरी येऊन ठरवू म्हटलं तर भूक ठरवते. चहात साखर किती घालता ते लिहिलं नाहीत, तेही मोजा. तीन कप, दोन-दोन चमचे म्हणजे तीस ग्रॅम होते.

तेलाला पळी बंद करा. किटलीत एक चहाचा चमचा बांधून ठेवा. पाच माणसांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. फोडणी कढई चांगली तापल्यावर घाला, चवीत फरक पडत नाही.

माणदेशी

प्रथिनांसाठी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं किंवा पिठलं. आणि तुम्ही साताऱ्याच्या आहात, कोरेगावचा वाघ्या घेवडा, राजम्याचाच प्रकार, दारात मिळत असेल! माळकरी घरात त्याहून चांगलं काय?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईंना रिपोर्टचा कागद दाखवला, आत्तापर्यंत लपवला होता. माझ्या आईच्या पायाची गोष्ट त्यांना माहीत आहे. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग उरलेलं गाईला देत जाऊ, तू नको खाऊस." आज सकाळी शेवटची पोळी त्यांनी स्वतःच डब्यात ठेवली.

चहात साखर दोन चमचे आणि कप चार आहेत, म्हणजे चाळीस ग्रॅम. आजपासून एक चमचा. तेलाच्या नव्या डब्यावर तारीख घातली आहे, या वेळी तो ३० दिवस पुरवायचा आहे.

माणदेशी, घेवडा आणला आहे. रात्रभर भिजवला तरी मागच्या वेळी मधे टणक राहिला होता. कुकरला किती शिट्ट्या घेता, आणि मीठ आधी घालता की नंतर?